एक हात भरून उठायचं नाही

“तुम्ही मराठी किती छान बोलता हो!”

हे वाक्य कॅन्सरच्या वॉर्डातही माझा पिच्छा सोडत नव्हतं. हाताला सलाईन लावलेली होती आणि शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीची सून कौतुकाने माझ्याकडे पाहत होती. माझा जन्म अमरावतीचा. बारावीपर्यंतची शाळा मराठी. सासर अकोल्याचं. मी मराठी नाही बोलणार तर काय जपानी बोलणार? पण उलटीची पिशवी तोंडाशी धरून भांडता येत नाही, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही.

माझं नाव नसीम. नवरा रशीद आणि मी अकोल्यात बांगड्यांचं दुकान चालवतो. आम्हाला एक मुलगा आहे, तो पुण्यात नोकरी करतो. मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. उपचार संपलेत, तपासण्या चालू आहेत, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात की सध्या सगळं ठीक आहे. हे मी इथे सरळ लिहिलं खरं, पण तोंडाने म्हणायला मला फार दिवस लागले. आमच्या गल्लीत या आजाराला नाव नाही. “पिशवीचं” म्हणतात, आणि म्हणतानाही आवाज खाली जातो.

आमच्या धंद्यात अशी झाकपाक मुरलेलीच आहे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, “वाढली” म्हणायचं. आणखी एक नियम आहे, तो हिंदू घरात तितकाच पाळतात जितका मुसलमान घरात. एक हात भरून बाईने उठायचं नाही. दूध उतू जाऊ दे, दारात पाहुणा येऊ दे, दुसरा हात भरल्याशिवाय जागा सोडायची नाही. एक हात भरलेला आणि एक रिकामा म्हणजे नवऱ्याच्या जिवाला घोर. मला त्यात काही तथ्य वाटत नाही, पण हा नियम मी आजवर एकदाही मोडलेला नाही. तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

विचारलं, पण तपासलं नाही

पाळी नसतानाही अंगावर जायला लागलं तेव्हा मी लपवून ठेवलं नाही. लोकांना वाटतं “या बायका” लपवतात. मी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, “वय झालं ना ताई, पाळी जायच्या आधी असंच होते.” त्याने टॉनिक दिलं. टॉनिक संपलं, रक्त जाणं संपलं नाही. नवरा-बायकोच्या संबंधानंतर तर जास्तच जायचं.

मग एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई आहे, तिला तरी नीट सांगता येईल असं वाटलं. तिने टेबलापलीकडूनच विचारलं, “मुलं किती?”

“एक.”

“एकच?” तिने पेन थांबवून माझ्या बुरख्याकडे पाहिलं. “तुमच्यात एकच?”

मी काय सांगणार होते, की पुढची दोन पोटातच गेली? तिला ते ऐकायचंही नव्हतं. तिने गोळ्या लिहून दिल्या. तपासायच्या टेबलावर चढायला सांगितलं नाही, हातमोजा घातला नाही, काही नाही. माझी मुलं मोजायला तिला वेळ होता, मला तपासायला नव्हता. आज हे लिहितानाही अंगाचा तिळपापड होतो.

घरात मी मुमताज आपांना सांगितलं. आपा म्हणजे रशीदची मोठी बहीण. आमच्या शेजारच्याच घरात राहतात, आणि दोन्ही घरं त्यांच्याच हुकमाने चालतात. दुल्हेभाई, म्हणजे त्यांचे यजमान, फक्त चहा मागायला तोंड उघडतात. आपांनी माझं सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

“कोणाले सांगितलं तू हे?”

“कोणाला नाही.”

“मग सांगू पण नको. झाकली मूठ राहू दे.”

मला तेव्हा त्यांचा राग आला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती हे मला नंतर कळलं. त्यांची मुलगी रुबीना माझ्याहून थोडीशीच लहान. मला मामी म्हणायची, पण होती मैत्रीणच. दुकानात माझ्या शेजारी बसून ती मला हेच सांगायची: मामी, कंबर दुखते, अंगावर जातं, वास येतो. तिशी उलटली न उलटली तोच ती गेली. कावीळ झाली होती, असं आपांनी सगळ्यांना सांगितलं. आम्हीही मान डोलावली. तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, आणि तिची मुलगी सना आपांकडेच वाढली. सना मला छोटी नानी म्हणते.

तो फोन

अमरावतीला माहेरी गेले असताना एकदा इतकं रक्त गेलं की भावजयीने मला उचलूनच सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टर पोरीने मला पहिल्यांदा नीट तपासलं.  तिने एक तुकडा काढून तपासणीला पाठवला आणि म्हणाली, “मी स्वतः फोन करीन.”

फोन आला तेव्हा मी अकोल्यात विमलकाकूंच्या घरी होते. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न होतं, आणि मी नवरीचा हिरवा चुडा भरत होते. त्या घरातल्या तीन पिढ्यांचे हात माझ्या आणि माझ्या सासूच्या हातांतून गेलेत. नवरीचा उजवा हात भरून झाला होता.

“रिपोर्ट आलाय, ताई. उद्या या. सोबत कोणाला तरी घेऊन या.”

एवढंच बोलली ती. सोबत कोणाला तरी आणा म्हटल्यावर पुढचं सांगायची गरजच नव्हती.  उठून बाहेर जावं, भिंतीला डोकं टेकवून रडावं असं वाटत होतं. पण समोर पोरीचा डावा हात रिकामा होता. मी म्हटलं, “हात ढिला सोड, बेटा,” आणि भरायला लागले. एक बांगडी फुटली.

“वाढली,” विमलकाकू म्हणाल्या.

“हो, वाढली,” मी म्हटलं, आणि दुसरी घेतली.

कुठून आला

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी समजावलं की एका विषाणूमुळे हा कॅन्सर होतो आणि तो शरीरसंबंधातून येतो. झालं! बाहेर बाकावर रशीद आणि मी एकमेकांकडे न पाहता बसलो. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, कारण माझ्या मनातही तेच चाललं होतं. घरी आल्यावर त्याने विचारलं, “कुठून आला म्हणे हा?” मी म्हटलं, “तूच सांग.” आमच्या संसारात इतकं घाण भांडण कधी झालं नव्हतं. तो दुकानात झोपायला गेला. मला कॅन्सर झालाय हे आम्ही दोघंही विसरलो होतो, विचार करा.

पुढच्या खेपेला बाईंनी आमची तोंडं पाहिली आणि दोघांनाही आत बसवलं. “संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो. बहुतेकांचा आपोआप जातो. काही बायकांचा जात नाही, वर्षानुवर्षं आत राहतो. कोणी कधी दिला ते कोणालाच सांगता येत नाही. यात कोणाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. भांडायचं असेल तर आजाराशी भांडा.”

रशीद खाली मान घालून म्हणाला, “जी मॅडम.” बाहेर आल्यावर त्याने माझ्यासाठी उसाचा रस घेतला आणि तो संपेपर्यंत माझ्या चपलांकडे पाहत उभा राहिला. त्याची माफी मागायची तीच पद्धत आहे.

बाई जाता जाता आणखी एक म्हणाल्या होत्या. याची लस आहे. मुली लहान असतानाच, या सगळ्याच्या आधी दिली तर उपयोग होतो. मला नाही, पण घरात कोणी मुलगी असेल तर तिला.

माझ्या डोळ्यासमोर सना आली.

बाकावरच्या बायका

उपचाराच्या काळात मी अमरावतीला भावाकडे राहिले. शनिवार-रविवार सोडून रोज शेक घ्यायचा. शेक म्हणजे मशीनखाली निजायचं. दुखत नाही, पण आधी भरपूर पाणी पिऊन, लघवी दाबून बसावं लागतं. बाकावर आम्ही बायका मांड्या आवळून बसायचो आणि नेमकं तेव्हाच मशीन बंद पडायचं. तरुण तंत्रज्ञ येऊन सांगायचा, “थोडा वेळ अजून थांबा.” त्याला एकदा लिटरभर पाणी पाजून त्या बाकावर बसवायची माझी फार इच्छा होती.

माझ्या शेजारी फुलवंती बसायची. धारणीच्या पुढच्या एका कोरकू पाड्यातली. आधी जीप, मग एसटी, आणि इथे धर्मशाळा. ती मला हसवायची आणि मी म्हणायचे, हसवू नको बाई, इथेच सांडेल. तिला सनाच्याच वयाची, चौदा वर्षांची मुलगी होती, आश्रमशाळेत शिकणारी. मी तिला लसीचं सांगितलं तर म्हणाली, “आमच्याकडे सुई देणारी बाई येते ते फक्त पोटात लेकरू असलेल्या बायकांसाठी. आमाले कोण सांगते? पण तू सांगितलं, आता मी इचारतो.”

मग ती यायची बंद झाली. तिचे शेक अर्धेच झाले होते. मी खिडकीवर चौकशी केली, तर आतला माणूस मान वर न करता म्हणाला, “ते लोक असेच असतात, मधेच सोडून देतात. त्यांना समजत नाही.” नंतर तिच्या पाड्याकडच्या एका माणसाकडून कळलं की शनिवारी ती घरी गेली, तेव्हाच पावसाने रस्ता तुटला आणि जीप बंद पडली. मी तोच निरोप खिडकीवर दिला. तिला कोणी फोन केला की नाही मला माहीत नाही. ती परत आली नाही. तिच्या पाड्याचं नाव मी नीट विचारून ठेवलं नव्हतं, हे अजून छातीत खुपतं.

त्या दिवसांत चांगल्या माणसांचाही काही तोटा नव्हता. भावजय माझे कपडे स्वतः धुवायची आणि नाक मुरडायची नाही. शेवटी आतून शेक देताना एका नर्सने सारा वेळ माझं कपाळ चोळलं. आणि सना मला रोज फोन करून शाळेतली भांडणं सांगायची, कारण मला कोणाच्या तरी भांडणात रस आहे हे तिला ठाऊक होतं. ते फोन नसते तर मी ते आठवडे काढले नसते.

सामान पाठवून द्या

परत आले तेव्हा अंगावर बुरखा दोन बायकांचा वाटावा एवढी वाळले होते. विमलकाकूंच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं होतं. त्यांचा फोन आला.

“नसीम, हिरव्या बांगड्या पाठवून देजो. भरायले आमची सूनच भरते यावेळी.”

“मी येते ना, काकू. हात चालतात माझे.”

“नाई गं बाई, तू आराम कर. अन् नवरीचं काम आहे... ते तुह्यं पिशवीचं... समजून घे.”

मी समजून घेतलं. माझ्या हातून नवरीला काहीतरी लागेल, किंवा निदान अपशकुन होईल. ज्या दिवशी मला कॅन्सर कळला त्या दिवशी मी त्यांच्या पोरीचा हात अर्धवट सोडून उठले नव्हते. मी बांगड्या पाठवल्या. रशीद म्हणाला, पाठवू नको. पण त्या पोरीचा काय दोष?

त्यानंतर मी ठरवलं की आता हे नाव मोठ्याने घ्यायचं. दुकानात, गिऱ्हाइकाचा हात हातात असताना. तेव्हा बाई उठून जाऊ शकत नाही.

आग एकीकडे, बंब दुसरीकडे

सरकारने चौदा वर्षांच्या मुलींना ही लस फुकट द्यायला सुरुवात केल्याचं मला विमलकाकूंच्या शेजारणीकडून कळलं. तिच्या मुलीच्या शाळेने सगळ्या मुलींना आरोग्य केंद्रात नेलं होतं. सना जाते ती उर्दू शाळा तिथून हाकेच्या अंतरावर, पण तिथे साधा निरोपही नव्हता. मी मुख्याध्यापिकांना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला वाटलं, आपल्या शाळेसाठी नसेल.”

मी आरोग्य केंद्रात गेले. तिथले डॉक्टरसाहेब सभ्य होते. खुर्ची दिली.

“त्या भागात विरोध होतो हो ताई. आमच्या लोकांचा वेळ जातो.”

“कोणी विरोध केला? नाव सांगा, मी जाऊन बोलते.”

“तसं एक नाव नाही...”

“मग कधी केला?”

“मागे एकदा पोलिओच्या वेळी...”

“साहेब, पोलिओच्या वेळच्या पोरांना आता पोरं झालीत! या लसीचं तुम्ही कोणाला विचारलं तरी का?”

 विचारलंच नव्हतं. नकार आमचा, आणि तो आमच्या वतीने त्यांनीच देऊन टाकला होता.

आता घरची गंमत ऐका. मी गल्लीत आले तर तिथे वेगळंच. दुकानात बांगड्या भरून घेता घेता एका आईने मोकळ्या हाताने माझ्यासमोर मोबाईल धरला. “पाहा भाभी, व्हिडिओ आलाय. ही सुई फक्त आपल्याच पोट्ट्यांले देऊन राहिले. पोरं होऊ नयेत म्हणून.”

“आपल्या पोरींना? अगं, आपल्या सोडून सगळ्यांना देऊन झाली!”

तिकडे ते म्हणतात हे लोक घेत नाहीत, इकडे हे म्हणतात आम्हालाच देतात, आणि खरं पाहिलं तर दिलीच नव्हती. हसावं की डोकं फोडून घ्यावं? मी त्या आईला म्हटलं, “बाळ होऊ न देणारी गोष्ट तुला पाहायची का? माझ्याकडे पाहा. शेकाने माझी पिशवी आतून जळून गेली. ते लसीने नाही केलं, लस नसल्यामुळे झालं.” तिचा हात माझ्या हातात होता, अर्धा भरलेला. तिला ऐकावंच लागलं. तिच्यानंतर दुसरी आली, मग तिसरी. त्या महिन्यात मी जितक्या बांगड्या भरल्या तितकंच बोलले.

शेवटी मुख्याध्यापिका आणि डॉक्टरसाहेब यांना मी एकमेकांशी फोनवर बोलायला लावलं. दोघंही म्हणाले, “आमची तर काही हरकत नव्हती!” दिवस ठरला.

त्या दिवशी आरोग्य केंद्रात मुली रांगेत उभ्या होत्या आणि कोणीतरी साहेब फोटो काढायला आले. “बुरखेवाल्या मुली पुढे घ्या. बुरखा राहू द्या, फोटोत कळलं पाहिजे.”

“साहेब,” मी म्हटलं, “सुई काय बुरख्यावरूनच टोचता?”

सिस्टर खुदकन हसली. साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला.

रांगेच्या शेवटी सना होती. मैत्रिणींसोबत आली होती, बाही वर करून. पण तिच्याकडे संमतीचा कागद कोराच होता. आपांनी सही केली नव्हती. सिस्टर म्हणाली, “बेटा, याच्याबिगर मले देता येत नाही.” सनाने बाही खाली केली. तिला रडू आलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. परत जाताना ती मला म्हणाली, “छोटी नानी, शाळेतल्या पोट्ट्या म्हणतात की माझ्या अम्मीला पण तेच होतं. खरं आहे का?”

मी म्हटलं, “मी नानीला विचारते.”

डावा हात

दुपारी बांगड्यांची पेटी घेऊन मी आपांकडे गेले. शेजारच्या लग्नासाठी त्यांना नव्या बांगड्या हव्याच होत्या. त्या पाय पसरून बसल्या आणि सवयीने उजवा हात पुढे केला. मी डावा धरला.

“डावा काहून धरला?”

“आज डाव्यापासून.”

मी तो मनगटापासून नीट भरला. मग पेटीचं झाकण लावलं आणि समोर सनाचा कागद ठेवला.

आपा कागदाकडे, मग रिकाम्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या. “हे काय करून राहिली तू?”

“सही करा. मग दुसरा हात भरते.”

“वेडी झाली का? दुल्हेभाई जिंदा आहेत तुझे! एका हातानं बसवून ठेवते मले?”

“उठा ना मग. मी कुठे धरलंय?”

त्या उठल्या नाहीत. उठणारच नव्हत्या. आतून दुल्हेभाईंनी चहासाठी हाक मारली. आपा ओरडल्या, “आज चहा नाई!” मग त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. मी ऐकून घेतल्या.

“लग्नाच्या आधी असली सुई? लोक म्हणतील, पोट्टीत काही असन. रिश्ता कोण करन तिचा?”

“पोरगी जिवंत राहिली तर रिश्ता होईल ना, आपा! रुबीनाला काय झालं होतं?”

“कावीळ.”

“आपा.”

“सांगितलं ना, कावीळ!”

“मला जे झालं तेच तिला झालं होतं. ती माझ्या शेजारी बसून मला रोज सांगायची. आज सनाने मला तेच विचारलं. मी तिला कावीळ सांगणार नाही.”

आपा डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून मागे सरकवायला लागल्या.  त्या बोलल्या तेव्हा आवाज अगदी बारीक होता. “डॉक्टरनं मले सांगितलं होतं. कॅन्सर म्हणून. सना एवढीशी होती. मी म्हटलं, हे नाव बाहेर गेलं तर पोट्टीच्या कपाळावर बसन. म्हणून कावीळ सांगितली. मी माह्या लेकीचं मरण पण खोटं करून टाकलं, नसीम.”

आणि त्या रडल्या. रुबीना गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. माझा सगळा राग त्यांच्यावरून निघून दुसरीकडे गेला. जिला आपल्या लेकीच्या मरणाचं कारण लपवावं लागलं, तिच्यावर काय रागवायचं? राग त्यांच्यावर, ज्यांनी या आजाराला बाईच्या अब्रूशी बांधून ठेवलंय. राग त्या टेबलापलीकडच्या बाईवर, खिडकीतल्या माणसावर, आणि न विचारताच आमचा नकार गृहीत धरणाऱ्यांवर. तो अजून आहे, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

आपांनी डोळे पुसले, चष्मा मागितला आणि उजव्या हाताने सावकाश, उर्दूत, पूर्ण नाव लिहिलं. सहीला मोकळा हात लागतो, म्हणून तर मी डाव्यापासून सुरुवात केली होती. मग त्यांनी तोच हात माझ्या पुढ्यात आपटला. “भर आता, बदमाश बाई.”

दुसऱ्या दिवशी सनाला आरोग्य केंद्रात घेऊन मला जायचं होतं, पण आपाच पुढे निघाल्या. तिथे राहिलेल्या मुलींना घेऊन आलेल्या बायकांची गर्दी होती, आमच्या गल्लीतल्या, शाळेतल्या, आणि औषधाला आलेली विमलकाकूंची शेजारीणही. सिस्टरने कागद पाहिला आणि सनाला नेहमीचे प्रश्न विचारले: ताप आहे का, कशाची ॲलर्जी आहे का. सगळ्याला नाही.

“अन् हिची आई कॅन्सरनं गेली,” आपा म्हणाल्या. मोठ्याने, दोन्ही हातांच्या बांगड्या टेबलावर टेकवून. “गर्भपिशवीच्या तोंडाच्या. रुबीना नाव होतं. लिही.”

रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं.

“ते लिहायची गरज नसते, आजी.”

“गरज नाई कशी? लिही.”

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं.  तिने पेन उचललं आणि कागदाच्या कडेला, मोकळ्या जागेत, रुबीनाचं नाव आणि तिच्या आजाराचं नाव लिहिलं. सनाने मान वाकडी करून ते वाचलं. मग तिने बाही वर केली, आणि मी तिला म्हटलं, “हात ढिला सोड, बेटा.”